मिरचीने न दिलेला रंग

दिवाळीत रांगोळीच्या पुड्या सोडताना मला नवापूरच्या मावशी हटकून आठवतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावी आमचे बिऱ्हाड होते आणि भिंतीपलीकडे त्यांचे ख्रिस्ती कुटुंब. ईस्टरच्या आदल्या शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात अंडी रंगवण्याचा थाट असे. जुन्या काळी युरोपात ईस्टरपूर्वीच्या उपवासात अंडी वर्ज्य असत. साठलेली अंडी मग सणाला रंगवून वाटायची चाल पडली, असे सांगतात.

आमच्याकडे अंडे उंबऱ्याच्या आत येत नसे. पण आमची धाकटी त्या दिवशी मावशींच्या चुलीपासून हलत नसे. एका वर्षी तिने हट्ट धरला, "मावशी, मिरचीचं लाल अंडं करा ना!"

नंदुरबारची लाल मिरची प्रसिद्ध. त्याहून लाल असे पोरीला काही ठाऊकच नव्हते. मावशींनी तिचा शब्द मोडला नाही. उकळत्या पाण्यात तिखट पडले, ठसका साऱ्या आळीला लागला, अंडे मात्र पांढरेफटक! मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात उतरतो. रश्श्यावर लाल तर्री तरंगते ती त्यामुळेच.

पोरीने भोकाड पसरले. तेव्हा मावशींनी कांद्याच्या सालींचा डबा काढला. त्यांची कृती अशी:

आठदहा कांद्यांची कोरडी साले अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटे उकळावी. पाणी गाळून निवू द्यावे व त्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घालावे. अंड्याचे कवच चुनखडीच्या जातीचे. आंबट लागले की ते किंचित खरबरीत होते व रंग धरते. पण आंबट फार झाले तर कवचच विरघळू लागते! या पाण्यात पांढरी अंडी दहाबारा मिनिटे उकळली, की तांबूस तपकिरी होतात. कच्च्या अंड्यावर कोथिंबिरीचे पान ठेवून, वरून पातळ चिंधी घट्ट बांधून उकळावे. पानाचा ठसा उमटतो. हळदीने पिवळा, तर जांभळ्या कोबीने चक्क निळा रंग येतो. शेवटी तेलाचे बोट फिरवावे. खान्देशातल्या उन्हाळ्यात उकडलेली अंडी तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नयेत, हेही मावशी बजावीत.

रडणे ऐकून सासूबाई दाराशी आल्या. आत न जाता त्यांनी एक पुरचुंडी पुढे केली. होळीसाठी वाळवलेली पळसाची फुले! "हा घ्या आमचा रंग," एवढेच म्हणाल्या. ती फुले उकळून एक अंडे फिकट केशरी झाले आणि तेव्हापासून पुरचुंडी दरवर्षी भिंतीपलीकडे जाऊ लागली.

पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू निघाला. भारतातल्या कोंबड्यांत तो प्रथमच आढळला होता. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, अंडीही नष्ट केली गेली. कुक्कुटपालनावर जगणारी घरे उघडी पडली. मावशींचा मुलगा अशाच एका शेडवर कामाला होता. तो घरी बसला.

ईस्टर १६ एप्रिलला होता. मावशींकडे ना अंडी होती, ना उत्साह. शनिवारी सासूबाईंनी पळसाचे पाणी उकळले, तुरटी घातली आणि पांढऱ्या धोतराचा तुकडा त्यात बुडवला. वाळल्यावर घडी करून धाकटीजवळ दिला. "मावशीला म्हणावं, टेबलावर घाला."

वर्षभराने त्याच कापडावर रंगीत अंड्यांची टोपली आली. धुऊन कापड विटले होते. सासूबाईंनी अंड्याला हात लावला नाही; पण धाकटी परतताच विचारले, "आपली पळसाची किती उतरली गं यंदा?"