राउटरच्या तोंडातलं बिट

पुण्या-मुंबईत नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असलं की जिन्यातूनच एक कर्कश किंकाळी ऐकू येते. ती ट्रिमरची, म्हणजे एका हातात मावणाऱ्या लहान राउटरची. प्लायवर सनमायका चिकटवताना तो मुद्दाम कडेच्या थोडा बाहेर ठेवतात. ट्रिमर कडेवरून एकदा फिरला की जादाचा भाग भुगा होऊन खाली पडतो आणि सनमायकाची कड प्लायशी तंतोतंत जुळते. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचं काय होतं, ते सोडून देऊ.

राउटर तरी काय असतो? एक उभी मोटर, तिच्या तोंडाशी कोलेट नावाची पकड आणि खाली सपाट बूड. करामत सगळी त्या पकडीत बसवलेल्या बोटभर बिटाची. दुकानात मात्र गिऱ्हाईक मोटरच्या वॅटवर तासभर चर्चा करतं आणि बिटं ‘जी असतील ती द्या’ म्हणून पिशवीत टाकतं. माझ्या मते पैसे आणि डोकं दोन्ही उलट प्रमाणात वापरावं.

विजेच्या आधी ही कामं रंध्यांची होती: खाच मारायचा एक, गोलाई काढायचा दुसरा, चौकटीची नक्षी उठवायचा तिसरा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी, आर. एल. कार्टर नावाच्या साचे बनवणाऱ्या कारागिराने न्हाव्याच्या विजेवर चालणाऱ्या केस कापायच्या यंत्राची मोटर काढली आणि तिलाच लाकूड कापायला लावलं, अशी हकिकत सांगतात. पुढे 1929 साली त्याचा धंदा स्टॅन्लीने विकत घेतला. रंध्यांची अख्खी पेटी अशी एका मोटरीत आली, पण प्रत्येक आकाराचं पातं वेगळं ते वेगळंच राहिलं.

बिट घेताना आधी धार बघू नका, शँक बघा. शँक म्हणजे मशीनच्या तोंडात जाणारी दांडी. आपल्या बाजारात इंच आणि मिलिमीटर एकाच काउंटरवर नांदतात आणि घोळ तिथेच होतो. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी, अर्धा इंच म्हणजे 12.7. पाव इंची कोलेटमध्ये 6 मिमीचं बिट जातं, आवळल्यावर घट्टही वाटतं, आणि भर कामात हळूहळू बाहेर सरकू लागतं. खाच एका टोकाला 8 मिमी खोल आणि दुसऱ्या टोकाला 10 मिमी झाली, तर दोष लाकडाचा नसतो. बिट बसवताना शँकचा किमान पाऊण भाग आत जायला हवा. मात्र तळाला टेकवून आवळू नये, टेकलं की दोन-तीन मिमी वर ओढून मग आवळावं. कोलेट आवळला जाताना बिटाला किंचित आत ओढतो. त्याला जागाच नसेल तर पकड बसल्यासारखी वाटते, बसत नाही.

मशीन घेत असेल तर अर्ध्या इंचाचंच बिट घ्यावं. दांडीची जाडी दुप्पट झाली की वाकायला होणारा तिचा विरोध सोळा पट होतो. लांब बिटाची थरथर कडेवर लाटांसारखी उमटते, ती पुढे पॉलिशपेपरने घासत बसावी लागते.

धातूचा निर्णय आपल्याकडे प्लायनेच करून टाकला आहे. हायस्पीड स्टीलच्या बिटाला सुरुवातीची धार उत्तम असते आणि देवदार-पाइनसारख्या मऊ लाकडात ते छान चालतं. पण प्लायच्या थरांमधला राळेचा गोंद ती धार बघता बघता खातो, एमडीएफही तेच करतो. बल्लारशाचा सागवान म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्या सागाच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. म्हणून टंगस्टन कार्बाइडची पाती डाख देऊन बसवलेली बिटं घ्यावीत. कार्बाइड कडक तितकंच ठिसूळ. बिटं डब्यात सुटी टाकून खडखडवली की धारेचे टवके उडतात.

आता वेग. मिनिटाला 24,000 फेऱ्यांवर 6 मिमीच्या बिटाची धार ताशी साधारण 27 किलोमीटर वेगाने जाते. त्याच फेऱ्यांवर 50 मिमीच्या बिटाची धार जाते ताशी सव्वादोनशे किलोमीटरने. मोठं बिट लावलं की वेग उतरवायचा तो यासाठी. साध्या ट्रिमरला वेग कमी करायची सोय बहुधा नसते. त्यात रुंद नक्षीचं बिट घालणं म्हणजे दुःसाहस. लाकडावर काळे डाग पडले की आपण वेगाला दोष देतो, पण पुष्कळदा हात रेंगाळलेला असतो, धार गेलेली असते किंवा पात्यावर राळ साचलेली असते.

दिशा चुकली तर मशीन स्वतःच शिकवतं, आणि त्याची पद्धत मवाळ नाही. हातातला राउटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडांवर तो काट्यांच्या उलट न्यायचा, आणि चौकटीच्या आतल्या कडांवर काट्यांप्रमाणे. मग पातं येणाऱ्या लाकडाशी झगडतं आणि ताबा आपल्याकडे राहतो. दिशा उलटी झाली की बिट चाकासारखं कडेवर चढून पळतं. चारही कडांना नक्षी करायची असेल तर आडव्या रेषांच्या टोकाच्या कडा आधी घ्याव्यात. तिथे कोपऱ्याचा चिरफळा उडालाच, तर पुढची लांब कड घेताना तो निघून जातो. खोल खाच एका दमात मारू नये. तीन-तीन मिमी उतरावं. गॉगल आणि मास्क हवाच, एमडीएफला तर नक्कीच.

आकारांची यादी दुकानदार ऐकवेलच. मी डझन-पंधरा बिटांच्या स्वस्त लाकडी पेटीच्या विरुद्ध आहे. तिच्यातली निम्मी कधी हलत नाहीत आणि जी रोज लागतात ती आधी बोथट होतात. 6 आणि 12 मिमीची सरळ बिटं, पंचेचाळीस अंशांचं तिरकं, 6 मिमी त्रिज्येचं गोलाईचं आणि सनमायकासाठी टोकाला बेअरिंग असलेलं, एवढ्यावर घरातलं बहुतेक फर्निचर होतं. 18 मिमी प्लायच्या खाचेसाठी 18 मिमीचं बिट मात्र घेऊ नका. 18 म्हणून विकलेला प्लाय मोजला तर बऱ्याचदा थोडा कमी भरतो, आणि फळी खाचेत डुगडुगते. 12 मिमीच्या बिटाने पट्टी लावून दोनदा जावं, खाच हातातल्या प्लायच्या मापाची होते.

बेअरिंगवाल्या बिटाला शत्रू एकच, कडेला ओघळलेला गोंद. तो आत शिरला की बेअरिंग मोकळं फिरायचं थांबतं, बिटाबरोबर गरगरतं आणि कडेवर जळकी रेघ ओढतं. दर कामानंतर ते पुसावं, धरत असेल तर नवीन घालावं. बिटाच्या मानाने ते स्वस्त असतं. धार लावायची तर डायमंडच्या पट्टीवर पात्याची आतली सपाट बाजूच घासावी, बाहेरच्या उताराला हात लावू नये. तरीही दर वेळी बिट केसभर बारीक होतं, बेअरिंग मात्र तेवढंच राहतं. मग सनमायकाची कड बोटाला किंचित लागायला लागते. अशा बिटाला सनमायकाच्या कामातून काढून साध्या लाकडाच्या कडांवर लावावं. तिथे राहिलेला केसभर भाग रंध्याच्या एका हाताने निघतो.