लेखणीतला गाळ

मंडळी, कॉलेजात असताना भित्तिपत्रकासाठी आपल्यापैकी कितीजणांनी लिहिले असेल! कुणाची कविता, कुणाचे प्रवासवर्णन, कुणाची एखादी एकांकिकाही. पुढे नोकरीसाठी ओमानला आलो. संसार, मुलांच्या शाळा, ऑफिसातला इंग्रजी पत्रव्यवहार यांत लेखणी कधी थांबली ते कळलेच नाही. विचारले तर उत्तर ठरलेले : "आता सुचत नाही हो!" मलाही कित्येक वर्षे असेच वाटे.

हे 'न सुचणे' म्हणजे काय, याचा उलगडा मला निझव्याचा फलज दारिस पाहताना झाला. फलज म्हणजे जमिनीखालचे किंवा झऱ्याचे पाणी केवळ उताराच्या जोरावर गावापर्यंत आणि खजुराच्या बागांपर्यंत नेणारा पाट. ओमानमध्ये असे सुमारे ३,००० पाट अजून वापरात आहेत. त्यांतले पाच, दारिस धरून, २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पाट वाहता राहायला दोन गोष्टी लागतात. एक, साचलेला गाळ वेळोवेळी उपसणे. दुसरी, पाण्याची पाळी. कुणाला किती वेळ पाणी मिळणार हे ठरलेले असते. पूर्वी ही वेळ दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत.

लिखाणाचेही असेच आहे. झरा सहसा आटत नाही, पाट तुंबतो. "एवढे चांगले जमेल का?", "वाचणार कोण?", "मराठी शब्दच आठवत नाहीत" हा तो गाळ.

तो उपसायचा कसा? लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहा. जन्म १८६८ सालचा, शाळेचे शिक्षण नाही. पती रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले. पुढे मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी सांगायला घेतल्या. त्या 'संजीवनी' साप्ताहिकात क्रमशः येत गेल्या आणि १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला. तेव्हा बाईंचे वय होते ६६! आज मराठी आत्मचरित्रांत या पुस्तकाचा मान फार वरचा आहे. समोर ऐकायला उत्सुक असलेला घरचा माणूस आणि दर हप्त्याची पाळी, एवढी शिदोरी त्यांना पुरली.

मीही हाच मार्ग धरला. शुक्रवारी सकाळी चहा झाला की अर्धा तास, एकच पान, आणि तेही पुण्याच्या भाचीला उद्देशून. पहिली तीन पाने उन्हाळा आणि भाजीबाजार यांतच संपली. चौथे पान सलालाच्या खरीफवर होते. जून ते सप्टेंबर तिथे धुके आणि झिमझिम पाऊस असतो, उघडे डोंगर हिरवे होतात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या त्या मुलीला आजोळचा पाऊस समजावून सांगताना 'पागोळ्या' हा शब्द अचानक कागदावर उतरला. वीस वर्षांत तो माझ्या तोंडी आला नव्हता! त्याच्या पाठोपाठ कौले आली, पडवी आली, आजीचा आवाज आला. पान पुरेना.

यातून मला एवढेच कळले की आधी स्फूर्ती आणि मग लिखाण हा क्रम आपण उगाच धरून बसतो. हात चालू लागला की आठवणी मागून येतात. वाचक एकच असला की भाषा सैल होते. विषय जितका लहान, तितके लिहिणे सोपे : रुवीतले पहिले घर, मत्रहच्या बाजारातली पहिली खरेदी, गावी पाठवलेला पहिला ड्राफ्ट.

आपले इथले वास्तव्य व्हिसावरचे. बहुतेक कुटुंबे एक दिवस सामान बांधतात. घर रिकामे करताना फर्निचर विकले जाते, पण आपण इथे कसे राहिलो हे कुणी लिहिले नाही तर ते कुठेच उरत नाही. मुले मोठी झाल्यावर विचारतील, तेव्हा आपल्यालाही सारे आठवेलच असे नाही.

तेव्हा येत्या शुक्रवारी एक पान लिहाच. वर कुणाचे तरी नाव घाला, म्हणजे पहिले वाक्य आपोआप सुचेल.