'ओक' आणि 'जू'

नॉर्वेजियन भाषेत बैलाच्या मानेवरच्या जुवाला 'ओक' म्हणतात. दोन्ही शब्दांत एकही ध्वनी सारखा नाही, तरी मूळ शब्द एकच आहे. ते पडताळून दाखवता येतं, म्हणूनच व्युत्पत्तीला मी विज्ञान मानतो.

संस्कृतात जुवाला 'युग' म्हणत. प्राकृतात सुरुवातीच्या 'य'चा 'ज' झाला; यात्रेची जत्रा झाली ती तशीच. दोन स्वरांमधला 'ग' गळाला. संगमनेरच्या 'नेर'मध्ये 'नगर' असंच झिजलंय. 'युग'चं 'जुअ' झालं, मग 'जू'.

उत्तर युरोपात नेमकं उलट घडलं. तिकडे 'ग'चा 'क' झाला, म्हणून संस्कृतातली 'गो' नॉर्वेत 'कू'. 'द'चा 'त' झाला, म्हणून आपले दहा त्यांचे 'ती'. सुरुवातीचा 'य' मात्र गळूनच गेला: संस्कृत 'युवन्', इंग्रजी 'यंग', नॉर्वेजियन 'उंग'. 'युग'चं तेच झालं. 'य' गेला, 'उ'चा 'ओ' झाला, 'ग' कठोर झाला, उरला 'ओक'. आपण पुढचं व्यंजन राखलं, त्यांनी मागचं.

नुसत्या ध्वनिसाम्याला इथं काडीचीही किंमत नाही. बदल शेकडो शब्दांत एकाच नियमानं व्हावा लागतो. डेन्मार्कच्या रासमुस रास्कनं 1818 सालच्या निबंधात हे दाखवलं, याकोब ग्रिमनं 1822 मध्ये ते नियम नीट बांधले. हाच रास्क 1820 मध्ये मुंबईला आला आणि पारशांच्या अवेस्ता भाषेच्या अभ्यासाला लागला.

याच जुवाला लॅटिनमध्ये 'युगुम', हित्ती भाषेत 'युगन'. 'चाक' आणि नॉर्वेजियन 'यूल' हीही अशीच जोडी. म्हणजे या साऱ्या भाषांचे पूर्वज पांगण्याआधीच जनावरं जुंपत होते, चाकं फिरवत होते. हा काळ किमान पाच हजार वर्षांपूर्वीचा.

आमच्या मुरुडच्या शिवारात या शब्दाची खूण बैलाच्या अंगावर दिसते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणीला हळद-तूप चोळताना मानेवर जुवानं पडलेला घट्टा हाताला लागतो. बैलाची मान जुवाला बांधायचा पट्टा म्हणजे जोतं; तो शब्द संस्कृत 'योक्त्र'पासून आला. आता शेतात ट्रॅक्टर फिरतो. जू, शिवळ (जुवाची खुंटी), जोतं ही नावं तोंडात असलेली माणसं म्हातारी झालीत. भाषेच्या विद्यार्थ्यांनी लातूर-नांदेडच्या गावांत जाऊन त्यांच्या आवाजात हे शब्द, वस्तू समोर ठेवून, याच वर्षी नोंदवून घ्यावेत.