शस्त्रक्रियेपूर्वी पायांतील नीलांचा नकाशा

यंत्रमागावरील कामगार, वाहतूक पोलीस, शिक्षक, केशकर्तनकार इत्यादींना दिवसाचा बराच काळ उभ्यानेच काढावा लागतो. त्यांपैकी काहींच्या पोटऱ्यांवर कालांतराने निळसर, नागमोडी, फुगलेल्या शिरा दिसू लागतात. वैद्यकात यांस अपस्फीत नीला म्हणतात. ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हे नाव अधिक परिचित आहे. आनुवंशिकता व गर्भारपण हीही या विकाराची कारणे होत.

पायांतील रक्त हृदयाकडे परत नेण्याचे काम नीला करतात. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की रक्त वर ढकलले जाते व नीलांतील झडपा ते खाली उतरू देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त मागे फिरते, नीला फुगतात, पाय जड होतात. दुर्लक्ष झाल्यास घोट्याजवळची त्वचा काळवंडते आणि दीर्घकाळ न भरणारा व्रण होऊ शकतो.

डोळ्यांना न दिसणारे मूळ

त्वचेवर दिसणारी शीर हा केवळ परिणाम असतो. गळती बहुधा अन्यत्र असते. त्वचेखालील मोठी नीला आतील घोट्यापासून जांघेपर्यंत जाऊन तेथे खोल नीलेस मिळते. लहान नीला बाहेरील घोट्यामागून गुडघ्याच्या मागे जाते. परंतु ती खोल नीलेस नेमकी कोठे मिळते, हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असते. त्या भागात महत्त्वाच्या मज्जातंतू असल्याने अंदाजाने छेद घेणे धोक्याचे ठरते.

तपासणी कशी होते?

पूर्वी रबरी पट्टा बांधून परीक्षा होई, किंवा नीलेत औषध टोचून क्ष-किरण चित्र घेतले जाई. आता श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने डुप्लेक्स तपासणी केली जाते. तीत नीलेचे चित्र व रक्तप्रवाहाची दिशा एकाच वेळी समजते. दिशा ओळखण्यामागे १८४२ साली ख्रिस्तियान डॉप्लर यांनी मांडलेले तत्त्व आहे.

रुग्णास उभे करून, पायास जेली लावून त्यावर शोधक फिरविला जातो. पोटरी दाबून सोडली असता त्वचेखालील नीलेतील रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ मागे वाहिल्यास झडप सदोष मानतात. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही आणि क्ष-किरणांचा संपर्कही होत नाही.

खोल नीलांचीही पाहणी होते. शोधकाने दाबल्यावर नीला मिटली नाही, तर आत गुठळी असण्याचा संभव असतो. खोल मार्ग बंद असल्यास रक्त परत नेण्याचा भार याच फुगलेल्या नीलांवर असू शकतो. त्या काढल्यास अपायच व्हावयाचा. शेवटी सदोष जागा त्वचेवर शाईने आखल्या जातात.

उपयोग

स्वीडनमध्ये रुग्णांचे दोन गट करून घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आधी डुप्लेक्स तपासणी झालेल्यांपैकी कमी जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०१३ मध्ये उपचारांची आखणी या तपासणीच्या आधारे करण्याची शिफारस केली. लेसर वा रेडिओ लहरींच्या उष्णतेने नीला आतून बंद करतानाही हाच नकाशा मार्गदर्शक ठरतो.

म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या रुग्णाने ‘माझी डुप्लेक्स तपासणी झाली आहे काय?’ हे निःसंकोचपणे विचारावे. एक साधा प्रश्न दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च व बुडणारा रोजगार वाचवू शकेल.