जुनी सायकल आणि घसाऱ्याचा हिशेब

ठाणे जिल्हा म्हटले की लोकलगाड्यांची गर्दी डोळ्यांपुढे येते. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवरचे वास्तव मात्र निराळे आहे. शहापूरचे रेल्वे स्थानक आसनगावला, तर मुरबाडला जायचे ते रस्त्यानेच. एस.टी.चा थांबाही जेथून दूर, तेथे घरातील जुनी सायकल ही चैन नसून शिक्षणाचे साधन ठरते. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. तिच्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची योग्य वयातील पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांना आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून विद्यार्थिनींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते.

परंतु सायकल मिळणे आणि ती चालती राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद केल्यावाचून कोणताही कारखानदार आपला ताळेबंद पुरा मानीत नाही. सायकलीच्या बाबतीत मात्र खरेदीची रक्कम मोजली की सारे मोकळे होतात. थोरल्या भावाची सायकल धाकट्या बहिणीकडे येते ती झिजलेल्या ब्रेकसह आणि गंजलेल्या साखळीसह. एके दिवशी ती कायमची भिंतीला टेकते आणि मुलीची शाळाही अडते.

जुनी सायकल घेताना रंगाला भुलू नये. सांगाडा वा पुढचा चिमटा वाकलेला किंवा सांध्याशी तडकलेला असेल, तर ती स्वस्तातही महागच. बाकीचे बहुतेक दोष गावच्या दुकानात दूर होतात: चाकाचा आउट काढणे, सैल तारा आवळणे, छर्रे धुऊन नवे ग्रीस भरणे, सैलावलेली साखळी बदलणे. काटकसर ब्रेकवर मात्र कदापि करू नये. पावसात भिजलेल्या लोखंडी रिमवर रबराची पकड फार घटते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. म्हणून उतारावर वेग आधीच आवरावा आणि दोन्ही ब्रेक बेताबेताने दाबावेत.

मुंबई-नाशिक महामार्ग किंवा कल्याण-मुरबाड-माळशेज रस्ता येथे सायकलस्वार ट्रकचालकाला वेळीच दिसणे, यावरच त्याचा जीव अवलंबून असतो. मागे लाल परावर्तक, पुढे दिवा, अंगात फिकट कपडे, डोक्यावर हेल्मेट आणि रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक जाण्याची शिस्त, एवढे तरी हवेच. अर्थात सारा भार मुलांवर टाकून चालणार नाही. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो; त्यावर सायकलीला मज्जाव आहे. वेगवान मोटारींसाठी एवढा खर्च करणाऱ्या राज्याने शाळेच्या वाटेवर सायकलीपुरती कडेची पट्टी तरी राखावी.

प्रत्येक माध्यमिक शाळेने जूनमध्ये एकदा व दिवाळीनंतर एकदा गावच्या सायकल दुरुस्ती करणाऱ्यास पटांगणात बोलवावे. खर्च ग्रामपंचायतीने वा माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. पंक्चर काढणे व ब्रेक बसविणे मुलामुलींनीही शिकून घ्यावे. साधन दिल्याचे समाधान मानण्यापूर्वी ते चालते आहे काय, हे पाहणे देणाऱ्याचेच कर्तव्य होय.