डिझेलच्या नळीतली हवा

आलापल्लीकडच्या एका वाचकांची कैफियत अशी, की त्यांची जुनी डिझेल जीप सकाळी सुरू होते, क्षणभर चालते आणि बंद पडते. टाकी भरलेली, जमिनीवर इंधनाचा ठिपका नाही, आणि मिस्त्री म्हणतो, पंप उतरवून चंद्रपूरला पाठवा. पंप उतरविण्याची ही घाई मला मान्य नाही.

अशा गाडीत टाकी खाली आणि पंप वर असल्यामुळे मधल्या नळीतून इंधन ओढले जाते. म्हणून खडबडीत रस्ते आणि विदर्भातले ऊन सोसून रबरी नळीला चीर पडली, तर पपईच्या पानाच्या चिरलेल्या देठाने पाणी ओढताना तोंडात हवाच यावी, तशी डिझेल न गळता हवा आत शिरते, आणि रात्रभरात नळीतले इंधन टाकीत परत उतरते. डिझेल दाबाने जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र सहज आकसते; त्यामुळे पंपाचा सारा रेटा बुडबुड्यातच जिरतो आणि शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबावाचून न उघडणारे नोझल बंदच राहते.

आज नकोशी वाटणारी ही हवा एके काळी डिझेल इंजिनाची गरजच होती. रुडोल्फ डिझेल यांचे १८९७चे यशस्वी इंजिन इंधन फवारण्यासाठी दाबलेल्या हवेवरच विसंबून होते, आणि तिच्यासाठी लागणारा अवजड काँप्रेसर मोटारीत मावण्याजोगा नव्हता. ते जोखड उतरविण्यात मानहाइमच्या बेंझ कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज यांचा वाटा फार मोठा. १९०९ साली त्यांनी पूर्वज्वलनकक्षाचे, म्हणजे सिलिंडरात शिरण्याआधी इंधन जिथे पेटू लागते त्या लहान कप्प्याचे, पेटंट घेतले, आणि १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून इंधनपंप घाऊक प्रमाणात बाहेर पडू लागले. डिझेल यांचे नाव घरोघरी पोहोचले, लोरांज यांचे मात्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते, याची मला मनापासून खंत वाटते.

तेव्हा तपास हवेपासून सुरू करावा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवून इंजिन चालवावे. बुडबुडे दिसले, तर स्वच्छ डिझेलचा डबा उंच ठेवून पुरवठा त्यातूनच द्यावा आणि परतीच्या नळीचे तोंडही त्याच डब्यात सोडावे. नळीतली उरलेली हवा (मिस्त्रींच्या भाषेत ‘एअर’) काढल्यावर गाडी सुरळीत चालली, की दोष टाकीकडच्या नळीत आहे, पंप निर्दोष. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणीही पाहावे.

तरीही इंजिन अडखळले, तर ते मंद चालत असता नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करावे: ज्याने काहीच फरक पडत नाही, त्या सिलिंडरात दोष शोधावा. फवाऱ्यासमोर हात मात्र धरू नये. एवढ्या दाबाचे डिझेल कातडी भेदते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे लागते, जे भामरागडच्या रानातून सोपे नाही.