संपकाळात घर कोणी चालवले?

घरातल्या कर्त्या माणसाची नोकरी गेली की शेजारीपाजारी दोन गोष्टी सांगतात. एक, धीर धर. दुसरी, काहीतरी धंदा कर. दोन्ही सल्ले फुकटचे! धीर कशाच्या जोरावर धरायचा आणि धंद्याला भांडवल कुठून आणायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. 2020 च्या टाळेबंदीत हा अनुभव पुष्कळ घरांनी घेतला. परंतु मुंबईतल्या आपल्या जुन्या कुटुंबांना असा आणखी एक काळ ठाऊक आहे, आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. पुढे एकेक गिरणी बंद होत गेली आणि लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या भागांतल्या चाळींत पगाराची तारीख हा शब्दच उरला नाही.

आपल्या माणसांवर हा घाव अधिक खोल बसला. गिरणीत आपली माणसे बहुतेक रिंग खात्यात. साचे खात्यात पगार चांगला, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्याला तिथे मज्जाव. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. ज्या घरात पगारच कमी, त्या घरात शिल्लक कुठून राहणार? आर्थिक संकट सर्वांवर सारखे येते असे म्हणतात, ते खरे नव्हे.

मग घर चालवले कोणी? बहुतेक ठिकाणी घरच्या बाईने. कोणी साड्यांना फॉल लावले, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी चार घरची धुणीभांडी धरली. आणि गिरणगावात बायकांचा सर्वात जुना धंदा होता खाणावळीचा. कोकणातून, देशावरून एकटे आलेले कामगार आपल्या गावाच्या, नात्याच्या बाईकडे दोन वेळ जेवत. बाई पहाटे उठून पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापी, आणि तरीही तिला कोणी कमावती म्हणत नसे. मेंबर पैसे देणार महिनाअखेर. वाण्याचा माल रोज लागणार. त्यामुळे ती कायम उधारीत.

ही उधारी मोडण्याचा प्रयत्न संपाच्या आधीच सुरू झाला होता. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण ठेवायला दागिना नव्हता, म्हणून बायका एकमेकींना जामीन राहिल्या.

यातला हिशेब समजून घ्या. सावकार महिन्याला शेकडा 10 लावत असेल, तर 1,000 रुपयांवर वर्षाला 1,200 रुपये नुसते व्याजाचे होतात. गरिबांना वर्षाला शेकडा 4 दराने कर्ज देण्याची सरकारी बँकांची योजना 1972 पासून होती. त्या दराने वर्षाचे व्याज 40 रुपये. उरलेले 1,160 रुपये म्हणजे मुलांच्या वह्या, फी, पावसाळ्याआधीची धान्याची बेगमी. मन खंबीर ठेवा असे सांगण्यापेक्षा हा हिशेब सांगितलेला बरा. मन आपोआप खंबीर होते.

पण संपात खाणावळवालीचेही गिऱ्हाईक गेले. मेंबर गावी परतले, काहींचे पैसे बुडाले. आता काय? स्वयंपाकाचे कसब तर तेच होते, ते दुसऱ्या कोणाला तरी विकायचे होते. मंडळाने कचेऱ्यांना डबे व समारंभांना जेवण पुरवण्याची कामे घेतली. संधी शोधणे म्हणतात ते बहुधा इतकेच असते: हातात जे काम आहे त्याला नवे गिऱ्हाईक शोधणे. नवा, अनोळखी धंदा उसन्या पैशांवर सुरू करून बुडालेले लोकही आपण पाहिले आहेत.

पुरुषांविषयीही लिहिले पाहिजे. बायकोने कमावलेले खायचे कसे, या मानापोटी काहीजण गुत्त्यावर जाऊन बसले. ज्यांनी बाजारातून पिशव्या आणल्या, डबे पोहोचवले, पाट्यावर वाटण वाटले, त्यांची घरे तगली. मुलीची शाळा सोडवून तिला धुण्याभांड्याला लावण्याचा मोह तर प्रत्येक संकटात होतो. तो महिन्याचे थोडे पैसे देतो आणि पुढच्या तीस वर्षांचे घेतो.

आज काय करता येईल? फेरीवाल्यांसाठी 2020 साली केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. तिचे पहिले कर्ज 10,000 रुपयांचे होते, तारणाशिवाय. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून आहे. जिल्हा कार्यालयात स्वतः जावे, चालू योजना विचाराव्यात आणि मध्यस्थाला एक पैसाही देऊ नये. धंद्याचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या डब्यांत ठेवावेत. भांडवलाचा डबा सणालाही उघडू नये.

आणि कागद जपावेत. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत 2012 साली निघाली, संपानंतर तब्बल 30 वर्षांनी. त्यावेळी गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचा क्रमांक असे पुरावे उपयोगी पडले. बंद गिरणीचे ते पिवळे पडलेले कागद ज्या घरच्या बाईने ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवले होते, त्या घरातून अर्ज गेला.